अठराचं अ‍ॅव्हरेज

"पेट्रोलातच खोट आहे," मी गॅरेजच्या मेस्त्रींना ठणकावून सांगितलं. तीन कंपन्यांचं पेट्रोल भरून पाहिलं, तरी अठराचं अ‍ॅव्हरेज देणारी माझी गाडी चौदाच्या वर जात नव्हती.

मेस्त्रींनी चाक काढून दिवाळीत बसवलेले ब्रेक पॅड दाखवले. पार झिजले होते. "पेट्रोल कुठलंही भरा, सर. गाडी पळवायची आणि करकचून ब्रेक मारायचे, मग अ‍ॅव्हरेज कुठून येणार? पूर्वी असं चालवत नव्हतात."

पूर्वी शेजारी बायको असायची. तिला शाळेवर सोडून मी ऑफिसला जायचो. डॅशबोर्डवर हात टेकवून ती सारखी म्हणायची, "हळू हो, पुढे खड्डा आहे." दिवाळीनंतर एकदा मी वैतागून बोललो, "मग एसटीनं जात जा!" तेव्हापासून ती एसटीनंच जात होती. अकरा वर्षांत गाडीला साधा ओरखडा नव्हता, ते कुणामुळे, हे आत्ता कळलं.

नवे पॅड बसवून संध्याकाळी शाळेसमोर गेलो आणि दार उघडून उभा राहिलो. ती मुकाट्यानं बसली. पहिल्याच वळणावर मी मुद्दाम जरा वेग वाढवला.

"अहो, हळू!" तिचा हात डॅशबोर्डवर आपटला.

माझा जीव भांड्यात पडला.