पाचवी

संथ चित्रातही ओठ गाण्याशी जुळावेत, म्हणून चिमणी आणि तिच्या तीन मैत्रिणी अशा चौघी दुप्पट वेगाच्या गाण्यावर धापा टाकत नाचल्या होत्या. आता चिमणी संगणकावर ते चित्रण निम्म्या वेगाने चालवत होती. केस कसे पिसांसारखे तरंगत होते! यंदा कुठे तिला पुढची जागा मिळाली होती; संध्याकाळी पाचला सगळं कॉलेज हे बघणार होतं.

"मागची कोण गं, एकटीच चपळ?" शेजारी बसलेली ताई हसली. "तुमच्यापेक्षा बरी नाचते!"

चिमणीने मोजलं. पाच.

तिने वेग आणखी उतरवला. चौघी मधात बुडाल्यासारख्या मंदावल्या. पाचवी मात्र तशीच, भिंगरी.

"अगं, थांबव ना!" ताई म्हणाली.

चिमणीने चित्र थांबवलं. चौघी हवेतच थबकल्या. पाचवीने गिरकी पुरी केली, त्यांच्यामधून वाट काढली आणि हसत चित्रातल्या चिमणीच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. पडद्यावर चिमणी तिच्याआड दिसेनाशी झाली.