तिसऱ्या मजल्यावरचं लग्न

हळदीचं ताट पलंगावर ठेवायला लॉजच्या मॅनेजरनं मनाई केली, म्हणून ते फरशीवर मांडलं होतं. सायली त्याच्यापुढं मांडी घालून बसली होती. दहावीचे पेपर देऊन तिला महिनाही झाला नव्हता. मोठी काकू तिच्या गालांना हळद चोळत होती आणि वनमाला, तिची आई, दारात उभी राहून बघत होती.

"कुनी इचारलं तर अठरा पूर्ण म्हनायचं," काकू म्हणाली.

सायलीनं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कुणाला कळलं नाही.

गावी, तलवाड्यात, लग्न लावायची सोय राहिली नव्हती. मागल्या उन्हाळ्यात गावातलं असंच एक लग्न ऐन अक्षतांच्या वेळी पोलिसांनी मोडलं होतं. म्हणून अर्जुनरावांनी बीडच्या बाजारातला हा जुना लॉज धरला. अर्जुनराव वनमालाचे थोरले दीर. सोयरीक त्यांनीच आणली होती. नवऱ्या मुलाचा बाप राजकारणातला, आणि अर्जुनरावांना पुढल्या निवडणुकीत तिकीट हवं होतं. एकेकाळी कोर्टकचेरीला येणारी बडी माणसं या लॉजवर उतरायची. आता भिंतींना ओल आली होती, जिन्याचे कोपरे पिचकाऱ्यांनी लाल झाले होते. खालच्या बाजाराचा गलका असा, की तिसऱ्या मजल्यावर कुणी हंबरडा फोडला तरी रस्त्यावर पत्ता लागला नसता. अर्जुनरावांना हवी होती तशीच जागा.

थोरल्या भावापुढं शहादेवनं, सायलीच्या बापानं, जन्मात कधी मान वर केली नव्हती. लग्नाची सगळ्यात जास्त धावपळ त्याचीच चालली होती. गच्चीवरचा मांडव, पाण्याचे जार, भटजी, सगळं तोच बघत होता. गावाहून निघताना वनमालानं त्याला कसंबसं म्हटलं होतं, "अवो, पोर लई लहान हाय. तिला पुढं शिकायचंय." तो अंगावर आला होता. "दादानं शब्द दिलाय. तू मधी पडू नको!"

त्यानंतर ती मधी पडली नव्हती. पण आज सकाळी लॉजवर शहादेव आंघोळीला गेला आणि त्याचा सदरा खुंटीला टांगलेला तिला दिसला. खिशात मोबाईल होता. पोरांच्या मदतीचा नंबर शाळेच्या भिंतीवर रंगवलेला होता. सायलीला सोडायला जाताना तो तिनं कितीदा तरी वाचला होता. मोबाईल पदराखाली धरून ती गॅलरीच्या टोकाला गेली.

"बोला," पलीकडून एक बाई म्हणाली. "हॅलो? काही अडचण आहे का?"

अर्जुनरावांचं घर, त्यांचं रान, त्यांच्या जिवावर चाललेला आपला संसार, सगळं वनमालाच्या डोळ्यापुढून गेलं. तिनं फोन कट केला, सदऱ्याच्या खिशात परत ठेवला आणि लेकीची वेणी घालायला बसली. वेणी घालताना तिला सायलीच्या तोंडाकडं बघवलं नाही.

मुहूर्त बाराचा होता. सायलीला शालू नेसवून गच्चीवर न्यायचं तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. दोन बायका आणि एक महिला पोलीस. त्यांनी खाली मॅनेजरला काही विचारलं नाही की कुठं चौकशी केली नाही. सरळ तिसऱ्या मजल्यावर आल्या आणि याच खोलीच्या दारात उभ्या राहिल्या.

"बाळा, वय काय तुझं?"

काकूनं डोळे वटारले. सायलीनं शालूचा काठ सावरला. मग स्वच्छ आवाजात म्हणाली, "सोळा."

पुढं एकच कल्लोळ झाला. नवऱ्याकडची माणसं जिन्यानं भराभरा उतरून गेली. अर्जुनराव गॅलरीत ओरडत होते. "कुनी केला फोन? घरातलाच कुनीतरी हाय. सापडू द्या, उंबऱ्याच्या आत पाय ठिवू देनार न्हाई!" शहादेव तर मॅनेजरच्या गळपट्टीलाच झोंबला. "तूच सांगितलंस! कशापायी सांगितलंस, बोल!" महिला पोलिसानं त्याला धरून बाजूला केलं. वनमाला भिंतीला टेकून उभी होती. आपण तर तोंडातून शब्दही काढला नव्हता. मग खोली कशी सापडली? मोबाईलवरून माणूस कुठं आहे ते कळतं, असं तिनं ऐकलं होतं.

सायलीला घेऊन त्या बायका खाली गाडीत जाऊन बसल्या. आईबापांनी तिचा शाळेचा दाखला घेऊन मागोमाग यायचं होतं. अर्जुनराव बायकोला घेऊन कुणाशी न बोलता निघून गेले. खोलीत दोघंच उरले.

वनमालानं गावाहून गुपचूप आणलेला दाखला पिशवीतून काढला, पण तिला पुढं पाऊल टाकवेना. दुसऱ्यावर आळ आलेला तिला सोसला नाही.

"अवो, त्या मॅनेजरनं कायबी केलं न्हाई," ती म्हणाली. "मला मारायचं तर मारा. फोन मी लावलता. तुमच्याच मोबाईलवरून. पर बोलायचं धाडस झालं न्हाई, तसाच कट केला. ते इथवर कसे आले, देवाला ठाव."

शहादेवनं गॅलरीत डोकावून बघितलं. मग दार आतून लोटून घेतलं आणि पलंगाच्या कडेला बसला. मघाचा त्याचा सगळा आवेश कुठल्या कुठं गेला होता.

"तू ठिवल्यावर त्यांचा परत फोन आलता," तो म्हणाला. "मी उचलला. लॉज सांगितला, खोली सांगितली, अन् म्हनलं, बाई, बाराच्या आत या, माझ्यानं दादाला न्हाई म्हनवत न्हाई."