कोड्याचं उत्तर

दुर्मिळ मासिकांच्या दालनात तपासणीचे साहेब शिरले आणि मी पटकन फडकं उचललं. आईच्या भाषेवर बंदी आली होती. ती वाचणाऱ्याला उचलून नेत होते. “बाई, ही लिपी येते तुम्हाला?” “छे हो साहेब! मी नुसती धूळ झटकते.” त्यांनी मुलांच्या मासिकाचा जुना अंक उघडला आणि मुद्दाम उलटा माझ्या हातात दिला. सरळ केला की मेलेच मी. बोटं शिवशिवत होती, तरी तसाच धरून खुळ्यासारखी बघत राहिले. साहेब कंटाळून दाराकडे वळले. तेवढ्यात पानाच्या टोकाकडे लक्ष गेलं. कोड्याचं उत्तर तिथे उलटं छापायचे. आता ते सरळ दिसत होतं. आई घालायची तेच कोडं: ‘सतत डोळ्यांसमोर, तरी दिसत नाही.’ ती उत्तर न सांगताच गेली होती. नाक! फिस्सकन हसू आलं. दारातली पावलं थांबली.