पुसलेले ठिपके

शरच्चंद्र कोलत्यांनी भिजवलेल्या राळ्याचा दाणा चिमट्याने पिल्लाच्या चोचीत सोडला. शेजारी त्याची आई नुसती बसून होती. नामशेष झालेली माळमुनिया प्रयोगशाळेने साध्या मुनियेची जनुकं बदलून, कोलत्यांच्या जुन्या फोटोंवरून पुन्हा घडवली होती. दुसऱ्या कुणाकडे फोटोच नव्हते. पण माद्या पिल्लांना भरवत नव्हत्या.

"काका, फोटोत काही बदल केला नव्हता ना?" प्रयोगशाळेतल्या डॉ. शलाकाने विचारलं.

खऱ्या पिल्लांच्या तोंडात काळे ठिपके असायचे. ते बघूनच आई भरवायची, हे कोलत्यांना फार उशिरा कळलं. स्पर्धेला फोटो पाठवताना घाण दिसतात म्हणून त्यांनी ते एकेक करून पुसले होते.

"छे, काढले तसेच दिले," ते म्हणाले.

पिल्लाने त्यांच्याकडे बघून पुन्हा चोच उघडली. आतून ती अगदी स्वच्छ होती.