मोहिमेवरचे सर

“इंग्रजी ज्याच्या मुठीत, जग त्याच्या मुठीत!” हरड सरांनी मूठ उंच उगारली. मुठीत माइक होता. त्याची वायर निघाली आणि पुढचं जग पहिल्या बाकापर्यंतही पोचलं नाही.

बारावीच्या इंग्रजी पेपरची परिणामकारक तयारी कशी करावी, हे सांगायला शिक्षण खात्याच्या साहेबांनी सरांना मोहिमेवर काढलं होतं. दिवाळीपासून सर शहापूर-मुरबाडच्या शाळा पालथ्या घालत होते. आज टोकावड्याची पाळी. ही शाळा सरांची स्वतःची. इथे इंग्रजी शिकवायला त्यांच्याशिवाय कोणी नव्हतं, आणि मोहीम निघाल्यापासून तेही नव्हते.

“पेपर सोमवारी. घाबरायचं नाही,” सर ओरडून म्हणाले. “काही अडलं की लगेच आपल्या शिक्षकांना विचारायचं.”

बारावीतल्या नम्रताची कानशिलं तापली. तिला नर्सिंगला जायचं होतं. इंग्रजीत गचकली की ते गेलं. ती उठली.

“कोणाला विचारू, सर?”

“तुमच्या इंग्रजीच्या शिक्षकांना.” इतक्या शाळांत म्हणून म्हणून ते वाक्य आता आपोआप बाहेर पडायचं.

मागच्या बाकावरचा ऋतिक फिस्सकन हसला. नम्रता हसली नाही.

“त्यांनाच तर आमी दिवाळीपासून शोधतोय. तुमाला कुठं भेटले काय?”

सरांनी घड्याळ पाहिलं. “मला मुरबाडला भाषण आहे गो, दुपारी.” त्यांनी खिसे चाचपले, मग खिडकीतून मोटारसायकलकडे पाहिलं. चावी गाडीलाच ठेवायची ही गावाची रीत. पण आज गाडीला चावी नव्हती. ती भाषण सुरू व्हायच्या आधीच नम्रताच्या ओढणीच्या गाठीत गेली होती. नम्रताने ती गाठ वर करून दाखवली.

“चावी दे! सरकारी कामात अडथळा आणतेस?”

“आणते. आमचे उतारे, पत्रं, निबंध, सगळं राहिलंय. आदी शिकवा, मंग जा भाषणाला. नायतर गाडी ढकलत न्या मुरबाडला.”

ऋतिकने उठून दाराला कडी घातली. त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

 सरांनी माइक टेबलावर ठेवून खडू उचलला.

“काढा पुस्तकं. उतारा घेऊ.”

वर्गभर पानं फडफडली. तेवढ्यात सरांचा फोन वाजला. नाव बघताच त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी फोन नम्रताच्या हातात दिला.

“साहेब आहेत,” ते हळूच म्हणाले. “एवढं कर. सांग, सर मुरबाडच्या वाटेवर आहेत, वर्गात शिकवत नाहीत.”