जागल्या

अमरावतीच्या दवाखान्यात केमोची बाटली थेंबथेंब उतरत होती आणि नत्थुजींच्या पापण्या जडावल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी मघाशी नवराबायकोला सांगितलेलं कानात घोळत होतं: “पुरुषांच्या अंगातला जागल्या, म्हणजे रोगाशी लढणारी शक्ती, बरेचदा डुलकी घेतो, मग कॅन्सरला वाट मिळते. बायकांचा जास्तच जागा असतो. कधीकधी घरच्यांवरच धोंडे भिरकावतो. पार्वताबाईंचे सांधे त्यानेच सुजवलेत.” डोळा लागताच वावर दिसलं. ढगांना टेकलेली ज्वारी, तिच्यात शिरलेली रानडुकरं आणि मचाणावर गोफण फिरवणारी पार्वता. दर धोंड्यासरशी एकेक डुक्कर धुक्यासारखं विरत होतं. नत्थुजी हसतच जागे झाले. “काहून हसून राहिले जी?” उशाशी बसलेल्या पार्वताबाईंनी विचारलं. “तुया जागल्या माया वावरात आलता.” सकाळी कपबशीही न पेलणारी बोटं त्यांच्या हाताभोवती आवळत त्या म्हणाल्या, “मंग वापस नोका धाडू त्याले. इथं तं तो मलेच मारते.”