घंटेचा मान

"संपलेले सेल उकिरड्यावर टाकायचे नाहीत, लेकरांनो. त्यांतला धातू पुन्हा वापरता येतो, तेवढीच खाण कमी खणावी लागते," असं सांगून भिंगारच्या हेलनबाईंनी संडे स्कूलमध्ये एक डबा ठेवला. जो सगळ्यांत जास्त सेल आणील, त्याला चर्चची घंटा वाजवायचा मान मिळणार होता.

पुढच्या रविवारी उपासनेआधी मोजणी झाली, तर कृपा आणि जस्टिन बरोबरीत. जस्टिनचा चेहरा एवढासा झाला. "थांबा बाई, आलोच," म्हणत तो पळाला आणि धापा टाकत एक सेल घेऊन आला.

"संपलेलाच आहे ना रे?"

"संपतच आला हुता, बाई."

"लई लबाड हाय ह्यो," कृपानं नाक मुरडलं. पण बाईंना लेकराचं मन मोडवेना. जस्टिननं घंटा अशी बडवली की सगळा बाजार दणाणला.

उपदेश सुरू झाला. उन्हं डोक्यावर आली, लेकरं पेंगली, बाकांवरची मंडळी चुळबुळू लागली.

पाळकसाहेबांनी समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि खुशीत म्हणाले, "अजून पुष्कळ वेळ आहे. आता दुसरा मुद्दा घेऊ."